आहार सल्ला, मोफत

हसताय? हसा, हसा ललितभाई. अख्खं सिल्वासा हसून झालंय, तुम्हीच का उपाशी राहायचं? आणि उभे का? बसा की त्या खुर्चीवर. गिऱ्हाइकाचीच आहे ती, माणसाची सवय नाही तिला, जरा कुरकुरेल, पण मोडायची नाही. हो, सुकदेवला पाठवून मीच बोलावलं तुम्हाला. काम आहे. सांगते. कढईवर कल्पेश आहे ना? सख्खा भाऊ ना तुमचा? मग घटकाभर त्यानं जिलेब्या काढल्या म्हणून दमणगंगेला पूर नाही यायचा. काम म्हणजे — थांबा हो, सांगते म्हटलं ना, असलं काही एकदम तोंडातून निघत नाही. समोरासमोर दुकानं आपली, मधे एवढासा रस्ता, मी या ग्राहक भांडारात टेबल मांडून बसले त्याला वर्ष होऊन गेलं, आणि आपण कधी धड बोललोय का? तुम्ही तिकडून 'जय श्रीकृष्ण, नलिनीबेन' म्हणता, मी इकडून मान हलवते, की झालं. शत्रुपक्षाशी याहून जास्त काय बोलणार? तुम्ही तेल-साखरेचे, मी मूग-नागलीची. तुमच्याकडे रांग, माझ्याकडे माशी — आणि तीही तुमच्याकडून जेवून आलेली.

नाही, पाटीकडे बघून हसलात तुम्ही, मी बघितलं. 'आहार सल्ला — मोफत.' खाली गुजरातीत तेच. आणि शेजारी ते सफरचंद. त्याचंच हसू आलं ना? मलाही येतं. पेंटरला म्हटलं होतं, बाबा, पालेभाजीची जुडी काढ. तर म्हणाला, बाई, जुडी काढली तर लोक भाव विचारतील, सफरचंद काढतो, सफरचंद बघितलं की माणसाला आजारी माणूस आठवतो. काय बोलणार? बरोबरच होतं त्याचं. निरोगी माणसाला सफरचंद कोण देतं आपल्याकडे? बरं, ही कल्पना काही माझी नाही हं. आमचे चेअरमन सदाशिवराव कुठल्याशा ट्रेनिंगला मुंबईला गेले, तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं की परदेशात किराण्याच्या मोठमोठ्या दुकानांत एक शिकलेली बाई बसवलेली असते, ती गिऱ्हाइकाला सांगते हे घ्या, ते नका घेऊ, हे पोराबाळांना चांगलं, ते म्हाताऱ्यांना वाईट. झालं! इथं येऊन म्हणतात, आपण का मागे राहायचं? मसाटला एवढ्या कंपन्या आल्या, वापीहून ट्रकवर ट्रक चाललेत, आपलं भांडार काय तांदूळ-रॉकेलच विकत बसणार? आणि आमचे हे बांधकाम खात्यात, ते बोलून गेले — आमच्या घरी एक होमसायन्स शिकलेली आहे, रिकामीच बसलेली असते. 'रिकामीच बसलेली' असं म्हणाले की नाही कोण जाणे, ते मी माझ्या पदरचं घातलं. पण होतेच की रिकामी. मुलगा अभिजीत पुण्याला हॉस्टेलवर गेला, क्वार्टरमधे मी आणि भिंती. किती पापड लाटणार माणूस?

तर पहिल्या दिवशी मला पांढरा कोट दिला. तो मसाटच्या एका कंपनीतून कुणीतरी आणलेला, खिशावर कंपनीचं नाव, आणि खाली 'पॅकिंग विभाग'. मी म्हटलं, असू दे, कोट तर पांढरा आहे ना, लोकांना भरवसा वाटेल. वाटला! पहिलीच बाई आली ती पदर खांद्यावरून काढून दंड पुढे करून उभी राहिली. इंजेक्शनला! तिच्या कडेवरच्या पोरानं माझ्याकडे बघून जे भोकाड पसरलं, ते बंद करायला सदाशिवरावांना बरणीतली गोळी द्यावी लागली. आहार सल्ला केंद्राचं उद्घाटन साखरेच्या गोळीनं झालं, ललितभाई. तुमच्या दुकानातून आवाज आला असेल.

आणि ती काट्याची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असणार, तुमच्या बाकावर तर महिनाभर तीच चालली होती म्हणे. मला वाटलं, सल्ला द्यायचा तर आधी वजन पाहिजे. आता वजनाचं यंत्र कुठून आणणार? तर मागे पोती मोजायचा काटा आहे ना, म्हटलं यावर घेऊ, शेवटी किलो म्हणजे किलो. आणि काट्यावर कोण? सुकदेव. साक्रीचा माणूस, सगळं आयुष्य हमालीत गेलं, वजन बघितलं की ते मोठ्यानं ओरडायचं एवढंच त्याला माहीत. त्या इंजिनिअर साहेबांच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, हौसेनं चढल्या काट्यावर. तर हा भर दुकानात ओरडतो, "अठ्ठ्याहत्तर किलोऽऽ, बारदान वजा!" पोत्याचं वजन वजा जातं ना, म्हणून! साडी नेसलेली बाई ती, तिचं बारदान वजा! मी त्याला झापलं तर उलट मलाच विचारतो, "मना काय दोस शे बाई? मी तर त्यांचा फायदाच केला." सुनंदाबाई त्या दिवशी गेल्या त्या परत आल्या नाहीत. नवऱ्याला गाडी घेऊन वापीला पाठवतात किराण्यासाठी. म्हणजे बघा, माझ्या सल्ल्यानं कुणाचं वजन कमी झालं असेल तर या भांडाराच्या गल्ल्याचं.

तसं नाही, अगदीच कुणाला उपयोग नाही झाला असं नाही. खोटं कशाला बोलू? त्या शाळेतल्या कावेरीबाई, जिना चढताना धाप लागायची, त्यांना म्हटलं, पालेभाजी करताय ना, मग वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, तो चहा सगळं लोह घेऊन जातो. बाईंनी ऐकलं. आता त्या रस्त्यात भेटल्या की स्वतःच्या पापण्या खाली ओढून मला आतला रंग दाखवतात. परवा बाजारात दाखवला, लोक थांबून बघायला लागले. आणि ती मसाटची पोरं, सहा-सात जणं एका खोलीत, शिफ्टवरून येऊन नुसता भात आणि लोणचं. त्यांना सांगितलं, अरे, त्यात मूठभर मसूर टाका, कांदा टाका, वेगळा स्टो पेटवायला नको. करतात म्हणे. म्हणजे तसं आहे थोडंफार. पण बाकीचं जग काय करतं ठाऊक आहे? माझ्या टेबलासमोर येऊन मोठ्यानं म्हणतं, "अर्धा किलो हिरवे मूग द्या होऽ". आणि मागच्या खिडकीतून सुकदेव त्यांच्या पिशवीत वनस्पती तूप, मैदा, बिस्किटं भरून देतो. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं! मूग म्हणजे माझ्या नाक्यावरचा जकात कर झालाय. तो भरला की माल सोडला. गावात इतके मूग साठलेत, लोक आता ते उशांत भरत असतील.

नागलीचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, तर विचारूच नका. सुरंगी गावची केसरबाई डोक्यावरून नागली आणते, भांडाराला विकते. मी ती निवडून, पिशव्यांत भरून, वर चिठ्ठी लावून साहेबांच्या बायकांना विकते — 'शक्तिवर्धक'. आणि केसरबाई त्याच पैशांचा इथूनच पांढरा तांदूळ आणि बिस्किटाचा पुडा घेऊन सुरंगीला जाते. मी म्हटलं, अगं, घरची नागली सोडून हे काय नेतेस? तर हसून म्हणाली, नातवंडं रुसतात, पाहुणे आले की नागलीची भाकरी पुढे ठेवायला लाज वाटते. आणि मी कुठल्या तोंडानं बोलू? मी स्वतः नागली खाते का? आता तुम्ही कुणाला सांगू नका — मला नागली आवडत नाही. लहानपणी चिपळूणला आजारी पडलं की नाचणीची पेज, अजून वास आला की ताप आल्यासारखं वाटतं. या ड्रॉवरमधे काय आहे बघायचंय? खारी बिस्किटं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चहात बुडवलेला पाषाण.

हो, हो, येते कामावर. किती चुळबुळ कराल? काम हेच की — आमचे हे.

बघा, लगेच तुमच्या बाकाकडे बघितलंत. म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे मी काय बोलणार ते. माझ्या या खुर्चीवरून तुमचा बाक सरळ दिसतो, ललितभाई. मधे टेम्पो उभा नसला की लख्ख दिसतो. सहाच्या सुमाराला ऑफिस सुटलं की हे घरी येत नाहीत, तुमच्या बाकावर येतात. आणि बसतात कसे? भांडाराकडे पाठ करून. जगातले सगळे लोक रस्त्याकडे तोंड करून बसतात, तुमच्या बाकावर हा एकच माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. मला काय, पाठ दिसते आणि उजवं कोपर दिसतं. कोपर वर जातं, खाली येतं. वर जातं, खाली येतं. मांडीवर वर्तमानपत्राचा कागद. बावीस वर्षं संसार केलाय मी त्या कोपराबरोबर, मला कळत नाही ते कशासाठी वर जातंय?

त्यांना साखर आहे. डायबिटीस. माहितीये तुम्हाला, सगळ्या नाक्याला माहितीये. पण हे माहीत नसेल — उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, एवढंसं खरचटलं, ते अजून भरत नाही. वर खपली, खाली ओलं. डॉक्टर म्हणाले, याच महिन्यात साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. नुसता अंगठ्यावर भागलं तर नशीब म्हणा, असंही म्हणाले. आणि मला विचारतात — सगळ्यांसमोर हं, कंपाउंडरसमोर — "बाई, तुम्ही तर आहाराच्या तज्ज्ञ, तुमच्या घरात हे कसं?" काय सांगू? घरात मी भात मोजून वाढते, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही, चहात साखर नाही, सणाला पुरण केलं ते शेजारी वाटून टाकलं. जेवताना नुसती नजर लावून बसते त्यांच्या ताटाकडे, परीक्षेला सुपरवायझर बसतो तशी. आणि रिपोर्ट आणला की साखर वरच! दर वेळी आधीपेक्षा वर. मी घरात दार लावून बसलेय आणि चोर रस्त्यावर जेवतोय. सगळ्या सिल्वाशाला सल्ला फुकट, आणि नवरा समोर बसून जिलेबी खातोय! दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिव्याच्या समोर, लख्ख उजेडात अंधार.

म्हणून बोलावलं. हात जोडते, ललितभाई — हो, शत्रुपक्षापुढे हात जोडते — त्यांना जिलेबी देऊ नका. गोड काहीच देऊ नका. मागितली तर म्हणा संपली, म्हणा कढई फुटली, काहीही सांगा. तुमचं नुकसान होईल ते — नाही, तसं म्हणत नाही मी, तुम्ही त्यातले नाही. मी भांडले असते त्यांच्याशी, भांडण काय मला येत नाही? पण काय होतं, मी रागावले की ते नुसते हसतात. 'बरं बाई' म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपर. तुम्ही बाहेरचे, तुमचं ऐकतील.

काय? नाही म्हणजे? देत नाही म्हणजे काय?

हे बघा, मित्राला पाठीशी घालणं मला कळतं. पण मी डोळ्यांनी बघते ना रोज. कोपर — हो, कागद असतो मांडीवर, तुमच्याच दुकानातला — तुमच्या दुकानातला नाही? मग कुणाच्या? वर्षभरात जिलेबीचा तुकडा घेतला नाही? शपथ घेऊ नका हो, उगाच, मुलाबाळांचा माणूस तुम्ही. बिनसाखरेचा चहा? बिनसाखरेचा चहा तुम्ही वेगळा करता त्यांच्यासाठी? हे मला — बरं, ते चांगलं आहे, ते मला माहीत नव्हतं. पण मग चहाबरोबर काय? चहाला कोपर एवढं लागत नाही. खातात काय ते? हे बघा, फाफडा म्हणा, गाठिया म्हणा, मी काही करणार नाही तुम्हाला —

लाडू? कसले लाडू? तुम्ही लाडू कधीपासून करायला लागलात?

माझे.

माझे म्हणजे? माझे — हे, या टेबलावरचे? नाही नाही, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, ललितभाई. हे लाडू मी त्यांना देईन होय? गूळ आहे त्यात. हे मी मसाटच्या बायकांसाठी करते, ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांच्यासाठी, पोरांसाठी. नागली भाजायची, तीळ, शेंगदाणे, गूळ. नमुना म्हणून ताटलीत मांडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं एक घ्यावा, चव बघावी, घरी करून बघावा. साखरवाल्यांना मी स्वतः सांगते, याला हात लावू नका. घरी तर मी डबा वर, माळ्यावर ठेवते, कुलूप लावून! आणि उरतच नाहीत ते. रोज संपतात. पहिले आठ-पंधरा दिवस कुणी शिवलं नव्हतं, खरं आहे. रोज भरलेली ताटली डब्यात ओतायची आणि घरी न्यायची. सदाशिवराव म्हणाले, बाई, लोकांना नको असेल तर टेबल काढू, त्या जागेत थंड पेयांचा फ्रीज बसवा म्हणून कंपनीवाला मागे लागलाय. त्या दिवशी मी घरी गेले आणि डबा घासताना — काही नाही, जरा डोळ्यांत पाणी आलं. यांनी बघितलं. नुसतं म्हणाले, जातील, जातील, लोकांना वेळ लागतो. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून जायला लागले! संध्याकाळी सुकदेव ताटली विसळायला मागे नेतो, तेव्हा मला वाटतं चार-दोन उरलेले असतात, आणि परत आणतो तेव्हा सांगतो, "बाई, मागच्या दारी बाया आल्या होत्या, मसाटच्या, सगळे घिसन गयात." सगळे घेऊन गेल्या! मी घरी जाऊन सांगायची, अहो, आज पण संपले. हे म्हणायचे, मी म्हटलं नव्हतं?

'मी म्हटलं नव्हतं?' म्हणे!

सुकदेव आणतो का तुमच्या बाकावर? मागच्या गल्लीतून? वर्तमानपत्रात बांधून? आणि तुम्ही — रोज बघत होतात? वर्षभर? गप्प राहायचं कबूल करून घेतलं म्हणता. बरं. तुमच्या जागी मीही — नाही, मी नसते राहिले गप्प, मी आयुष्यात कशावर गप्प राहिलेय? पण तुम्ही त्यांना सांगायचं ना, की अहो वसंतभाई, साखर आहे तुम्हाला — सांगितलंत? मग? काय म्हणाले? नाही, सांगाच आता. हात दाखवून अवलक्षण मीच करून घेतलंय, आता अर्धवट नको.

"लाडू परत घरी आले की ती जेवत नाही."

असं म्हणाले? हेच शब्द? मी जेवत नव्हते? असेन. मला आठवतही नाही हो. एक-दोनदा नसेन जेवले, भूक नव्हती म्हणून. मी समजत होते त्या घरात ताटाकडे मीच बघते.

मग आता हसा ना. का हसत नाही? सगळ्यात मोठा विनोद तर हा आहे. मी त्यांच्या पायाला तूप चोळते, अंगठ्याला औषध लावते, चण्याएवढा बटाटा भाजीत सापडला तर रडते, आणि त्यांची साखर वाढवतोय कोण? तर मी! पाटी लावून! मोफत! अहो, पाय जायचाच होता तर जिलेबीनं तरी जायचा. तुमची जिलेबी, गरम, कुरकुरीत, माणसाला वाटलं असतं काहीतरी मिळालं. माझ्या लाडवानं? तुम्ही खाल्लाय का कधी माझा लाडू? खोटं बोलू नका. तूप जपून घालते मी, तुपानं वजन वाढतं म्हणून, तर तो सुकून दगड होतो. कल्पेशनं खाल्ला एकदा? आणि दात? बघा, म्हटलं नव्हतं? आणि यांना तर नागली मुळीच आवडत नाही! ठाण्याला सासूबाई हयात होत्या तेव्हा भाकरी केली तर हे ताटाखाली लपवायचे. आवडत नाही, पचत नाही, डॉक्टरची मनाई — आणि रोज चार-चार! म्हणून भिंतीकडे तोंड, म्हणजे कडू काढा प्यायल्यासारखं तोंड होत असेल, ते मला दिसू नये. मी नुसती पाठ बघून चिडत बसले. वर्षभर. कोपर कळतं म्हणे मला!

नाही, नाही, मी ठीक आहे. पाणी नको. बसा.

काय करायचं आता? उद्यापासून लाडू बंद करू? मग विचारतील, का गं, लाडू नाही केलेस? आणि मी काय सांगू, तुम्ही पकडले गेलात म्हणून? की थोडे करू आणि खोटंच सांगू, आज बारालाच संपले, तुमच्यापर्यंत — म्हणजे संध्याकाळपर्यंत उरलेच नाहीत? तेही बरंय. त्यांनी मला फसवायचं, मी त्यांना फसवायचं, मधे सुकदेव दोन्हीकडून खोटं बोलायला. आणि तोवर तो अंगठा? नको. आता फ्रीज येऊ दे त्या सदाशिवरावांचा. दोन फ्रीज येऊ दे. मी खुर्ची उचलून तुमच्या दुकानात बसेन, तुमच्या गिऱ्हाइकांना सांगेन, दोनच्या ऐवजी एक खा. चालेल का? बघा, घाबरलात.

आले का? कुठे? टेम्पो मधे आहे हो, मला दिसत नाही, तुम्ही बघा. बसले? नेहमीच्याच जागी? आणि — हा सुकदेव कुठे गेला? आत्ता इथं होता. ताटली? टेबलावर ताटली होती, मी तुमच्याशी बोलत बसले आणि — अरे देवा. मागच्या दारानं गेला तो. टेम्पो निघाला वाटतं — ललितभाई, सरका, आता तुम्ही मधे येताय. हो, दिसलं. पाठच दिसली. कागद सोडतायत. आता मान खाली घालून जरा थांबतात, बघितलंत? रोज असंच थांबतात, मला वाटायचं वास घेतायत. मन घट्ट करत असणार.

हे टेबल बघा जरा. कुणी आलंच तर सांगा, बाई समोर गेल्यात. आणि सल्ला विचारला तर द्या काहीतरी, माझ्यापेक्षा वाईट नाही दिला जाणार तुमच्यानं. नाही, चप्पल राहू दे, तशीच जाते. बावीस वर्षांत मी त्यांना चारचौघांत हाक मारली नाही हो, या किलवणी नाक्यावर तर नाहीच नाही, पण आता चालत पोचेपर्यंत ते पहिला संपवतील —

अहो! अहो, ऐकलंत का! इकडे, इकडे बघा! तो तोंडात घालू नका — द्या माझ्याकडे, सगळे द्या, मी खाते!